आधी भिजवा, मग कापा

नवी साडी फॉल-पिकोला टाकायला गेलं की शिवणाऱ्या बाई पहिला प्रश्न विचारतात, "फॉल भिजवलाय ना?" ब्लाउजच्या अस्तराचंही तेच. रात्री बादलीत भिजत टाकायचं, सकाळी न पिळता दांडीवर घालायचं, ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची आणि मगच कात्री लावायची. आपल्याकडे घराघरांत हा नियम पाळला जातो. का पाळतात असं विचारलं तर उत्तर एका शब्दात मिळतं: "आटतं."

आमच्या धंद्यात, म्हणजे आज्ञावल्या लिहिण्याच्या धंद्यात, असे नियम बरेच असतात. कुणीतरी कधीतरी हात पोळून घेतलेला असतो, त्याचा नियम होतो, आणि पुढच्या पिढीला पोळलेला हात दिसत नाही, फक्त नियम दिसतो. असला नियम दिसला की मला तो उकरून बघायची खोड आहे. या वीकांताला कापड भिजवण्याच्या मागे लागलो. हात लागलं ते असं की सुरतेचा कापूस, इंग्लंडमधल्या विणकरांची फुप्फुसं, न्यूयॉर्क राज्यातली एक कॉलर आणि मुंबईतलं एक पंचतारांकित हॉटेल, सगळं त्या बादलीत येऊन पडलं. :)

कोरं कापड आधी का धुवायचं, याची कारणं मुळात तीन. एक, त्याचा रंग जाईल. दोन, त्यात खळ असेल. तीन, ते आटेल. तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे, म्हणून एकेक घेऊ.

रंग

सतराव्या शतकात युरोपात आपल्याकडचं छापील आणि कलमाने रंगवलेलं सुती कापड जायला लागलं. छींट म्हणतो आपण, त्यावरूनच इंग्रजांनी 'चिंट्झ' केलं. तिकडच्या लोकांना नक्षीचं कौतुक होतंच, पण खरा धक्का वेगळा होता. हे कापड धुतलं तरी रंग जात नव्हता! त्यांच्याकडे सुती किंवा तागाच्या कापडावर जे छापत ते पाण्यात टिकत नसे. हे कापड मात्र धुवावं तितकं खुलत होतं.

मागणी इतकी वाढली की तिथले लोकर आणि रेशीमवाले हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ साली या कापडावर बंदी घातली, ती उठली १७५९ मध्ये. इंग्लंडने १७०० साली आणि पुन्हा १७२० साली कायदे केले. धुलाईत टिकणारा रंग हे एवढं मोठं आर्थिक हत्यार होतं.

मग गुपित काढायच्या मागे लोक लागले. फादर कर्दू नावाचा एक फ्रेंच जेझुइट दक्षिणेत राहत होता. (संस्कृत आणि लॅटिनचं नातं फार लवकर ओळखणाऱ्यांतला हा एक, पण तो वेगळा विषय.) त्याने १७४२ साली एका पत्रात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांची सगळी कृती लिहून पाठवली. ती वाचताना लक्षात येतं की निम्मी कृती धुण्याचीच आहे. कापड आधी धुवून साफ करायचं. मग हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं दूध घालून त्यात भिजवायचं आणि वाळवायचं. दुधातल्या स्निग्धामुळे पुढचा द्राव कापडावर पसरत नाही, रेघ रेघेसारखी राहते. मग तुरटीने नक्षी काढायची. त्यानंतर लाल रंग देणाऱ्या मुळीबरोबर उकळायचं. जिथे तुरटी तिथेच रंग धरतो. बाकीचा धुवून, शेण लावून, उन्हात टाकून घालवायचा.

म्हणजे 'पक्का रंग' याचा अर्थ काय, तर रंगाऱ्याने जेवढं सुटण्यासारखं होतं ते आधीच सोडवून टाकलेलं असायचं. धुण्याचं काम विकणाऱ्याने केलेलं, घेणाऱ्याच्या बादलीत काही उरू दिलेलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. कापडातला दोष बाहेर काढायचं काम कुणाच्या अंगणात होतं? गिऱ्हाईकाच्या की कारागिराच्या?

खळ

आता एकोणिसाव्या शतकात या. यंत्रमागावर उभा धागा, म्हणजे ताणा, सतत ताणलेला असतो आणि फणीत घासला जातो. तो तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. हातमागवालेही देतात, तांदळाची नाहीतर दुसऱ्या पिठाची. यात गैर काही नाही. लँकेशायरमध्ये पिठाची लापशी आणि तीत गुळगुळीतपणासाठी जनावराची चरबी अशी खळ असे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेतली बंदरं नाकेबंदीत अडकली आणि लँकेशायरचा कापूस बंद झाला. मग तिकडच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड, कुठलाही असो, मुंबईतून गेलेल्या मालाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेच्या शेअरांचं वेड, आणि १८६५ साली युद्ध संपल्यावर झालेली धूळधाण, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही.

आपल्या कापसाचा धागा आखूड. शिवाय त्यात माती-काडीकचराही भरपूर. लांब धाग्यासाठी बनलेल्या तिकडच्या यंत्रांवर तो सारखा तुटायचा. तासन् तास तुटलेली टोकं जोडत बसायचं आणि मजुरी मात्र विणलेल्या कापडावर. तिथल्या कामगारांत 'सुरत' ही शिवी झाली. प्रार्थनेत कुणीतरी "देवा, कापूस पाठव" म्हटलं तर मागून आवाज आला, "पण सुरतेचा नको रे बाबा," असा किस्सा सांगतात.

धागा तुटतो म्हटल्यावर खळ वाढली. पीठ आणि चरबी महाग, म्हणून त्यात चिनी माती घालायला सुरुवात झाली. इंग्लंडातच, कॉर्नवॉलमध्ये सापडणारी, भांडी करायची पांढरी माती. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माती कापसापेक्षा स्वस्त आहे, आणि कापडाला वजन आणि भरीवपणाही देते. युद्ध संपलं, अमेरिकन कापूस परत आला, माती मात्र गेली नाही! ताण्याच्या धाग्याचं जेवढं वजन तेवढ्याच वजनाची खळ, असं कापड उघड उघड बनू लागलं आणि विकायला बाहेर गेलं. कुठे? मुख्यतः हिंदुस्थान आणि चीनमध्ये.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. बाजारातून घट्ट, जड, छान कापड आणलं. घरी पाण्यात टाकलं तर पाणी दुधासारखं. वाळल्यावर हातात आली जाळी. पैसे कापसाचे दिले होते, आणि निम्मी रक्कम ओढ्याला वाहून गेली.

शिवाय ओलावा धरून ठेवणाऱ्या क्षारांमुळे आणि पिठामुळे जहाजाच्या तळघरात या मालाला बुरशी लागायची. मग बुरशी लागू नये म्हणून खळीत झिंक क्लोराइड. एका ठिगळाला दुसरं ठिगळ. संगणकवाल्यांना हा प्रकार नवीन वाटायचं कारण नाही. :)

पण या मातीची सगळ्यात मोठी किंमत गिऱ्हाइकाने दिली नाही, विणकराने दिली. मातीने जड झालेला धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो. म्हणून विणाईच्या शेडमध्ये वाफ सोडत. वरून माग चालला की धाग्यावरची माती झडून हवेत. दिवसभर दमट उकाड्यात मातीची धूळ छातीत घ्यायची आणि रात्री ओल्या कपड्यांनी थंडीत घरी जायचं. टॉडमॉर्डन या गिरणगावातल्या विणकरांच्या तब्येतीवर या खळीचा काय परिणाम होतो याची डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी सरकारतर्फे पाहणी केली, १८७२ साली. शेडमधल्या दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा व्हायला मात्र १८८९ साल उजाडलं.

तेव्हा आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी कोरं कापड आधी भिजवायची शिस्त धरली असेल तर त्यात नवल ते काय! दुकानात उभ्या उभ्या कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चोळायचा आणि पांढरी पूड पडते का बघायची, ही सवय अजूनही जुन्या बायकांत दिसते. ती साम्राज्याच्या व्यापाराची तपासणी आहे. कागदोपत्री तिची नोंद कुठेच नाही, इतकंच.

आटणं

खळ आणि रंग हे बाहेरून घातलेले. आटणं मात्र कापडाच्या रचनेतच असतं. पाण्यात सुताची लांबी फारशी कमी होत नाही. मग कापड कसं आटतं? कारण सूत फुगतं, जाड होतं. ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या धाग्यांच्या वरून-खालून नागमोडी जातो. बाण्याचे धागे फुगले की नागमोड मोठी होते. धागा तर तेवढाच आहे. मग मोठा वळसा पुरा करायला तो लांबीतून माया काढतो आणि शेजारचे धागे जवळ ओढले जातात. त्यातून मागावर आणि गिरणीतल्या पुढच्या कामांत कापड लांबीच्या दिशेने खेचलेलं असतं. पाण्यात पडल्यावर ते पहिल्यांदा मोकळा श्वास घेतं. म्हणून कापड पन्ह्यापेक्षा लांबीत जास्त आटतं, आणि म्हणूनच लांबच लांब फॉलची पट्टी साडीला चुण्या पाडते. बाईंचं बरोबर आहे!

आटण्याचा पहिला मोठा धडा अपघातानेच मिळाला. जॉन मर्सर या लँकेशायरच्या माणसाने १८४४ साली कॉस्टिक सोडा सुती कापडातून गाळला. कापड जाड, मजबूत झालं, रंगही छान धरू लागलं. त्याने १८५० मध्ये पेटंट घेतलं. पण कापड वीस-पंचवीस टक्के आटायचं, त्यामुळे गिरणीवाल्यांनी पाठ फिरवली. वाराने विकणाऱ्याला चौथा हिस्सा गमावणं कसं परवडेल? पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तेच काम कापड ताणून धरून केलं. आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी चमक आली. शिवणाच्या रिळावर 'मर्सराइज्ड' लिहिलेलं असतं, ते या मर्सरसाहेबांचं नाव.

तरी रोजच्या कापडाचा प्रश्न तसाच होता. तो सुटला कॉलरपायी. न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या हॅना माँटेग्यू या बाईंनी १८२७ साली नवऱ्याचे शर्ट धुण्याला कंटाळून फक्त मळलेली कॉलर कापून वेगळी धुतली, अशी गावची आख्यायिका आहे. आख्यायिकेचं काही असो, सुट्या कॉलरींचा धंदा तिथे प्रचंड वाढला. गावाचं टोपणनावच 'कॉलर सिटी' पडलं. त्यातली मोठी कंपनी क्लुएट पीबॉडी, 'ॲरो' शर्टवाली.

सुट्या कॉलरचा एक फायदा होता. आटली तर दुसरी घ्यायची. पण पहिल्या महायुद्धानंतर लोकांना शर्टाला जोडलेली मऊ कॉलर आवडू लागली. आता धुतल्यावर कॉलर आटली म्हणजे गळाच आवळला जाणार. मोठ्या मापाचा शर्ट घ्यावा तर पहिले काही दिवस बुजगावणं दिसायचं. या कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास त्यावर यंत्र काढलं.

कल्पना एकदम सरळ आहे. जाड, लवचिक पट्टा रुळावरून वळताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि रुळ सोडून सरळ होताना ती आखडते. ओलसर कापड त्या ताणलेल्या बाजूला चिकटवून दिलं की पट्टा आखडताना कापडालाही बरोबर घेऊन आखडतो. मग तसंच वाळवायचं. पुढे धुतल्यावर जेमतेम एक टक्का आटायचं उरतं. सॅनफर्डच्या नावावरून 'सॅन्फोराइज्ड'. आपल्याकडच्या गिरण्यांनीही परवाने घेतले. पॉपलीनच्या काठावर उमटवलेला तो शिक्का ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. हे यंत्र किती आखडवायचं ते कसं ठरवतात? त्या कापडाचा तुकडा घेतात, त्यावर खुणा करतात, धुतात, आणि खुणांमधलं अंतर मोजतात. जेवढे टक्के आटलं तेवढ्यावर यंत्र लावायचं. म्हणजे शेवटी बादलीच! फरक एवढाच की ती गिऱ्हाइकाच्या मोरीतून उचलून गिरणीत नेऊन ठेवली. कोरोमंडलच्या रंगाऱ्याने जे रंगाचं केलं होतं, ते क्लुएट यांनी आटण्याचं केलं.

मद्रास चेक्सचा घोटाळा

रंगाच्या बाबतीत मात्र उलटी गंगाही वाहिली. १९५८ साली विल्यम जेकबसन हा अमेरिकन आयातदार मद्रासला आला. तिथे त्याने कॅप्टन कृष्णन नायर यांच्याकडून वनस्पती-रंगातलं हातमागाचं चौकड्याचं कापड घेतलं, वाराला एक डॉलर दराने. नायर यांनी बजावलं होतं की रंग सुटतो, थंड पाण्यात हलक्या हाताने धुवायला सांगा. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत ही सूचना गळाली. ब्रूक्स ब्रदर्सने त्याचे कपडे करून विकले. गिऱ्हाइकांनी ते इतर कपड्यांबरोबर धुतले आणि सगळं रंगीबेरंगी झालं. तक्रारींचा पाऊस पडला. मग जाहिरातवाल्यांनी डोकं लढवलं, आणि हे 'ब्लीडिंग मद्रास' कापड रंग सुटण्याच्या खात्रीसह विकायला सुरुवात केली. दर धुलाईत नवा रंग! लोकांनी उड्या टाकल्या. 'हा बग नाही, हे फीचर आहे' या आमच्या धंद्यातल्या जुन्या विनोदाचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही. याच नायर यांनी पुढे मुंबईत विमानतळाजवळ 'लीला' हॉटेल काढलं, १९८६ साली.

गंमत म्हणजे दोनच वर्षं आधी, १९५६ मध्ये, आयसीआय कंपनीने 'प्रोसिऑन' रंग बाजारात आणले होते. हे रंग सुताच्या रेणूशी रासायनिक बंधाने जोडले जातात. पण त्यांतही न जोडलेला, नुसता चिकटून राहिलेला रंग गिरणीने नीट धुवून काढावा लागतो. त्यात कसूर झाली तर तो आपल्या बादलीत येतो. घरी मिठाच्या पाण्यात भिजवण्याबद्दल थोडंसं: मीठ रंगवताना रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलतं, म्हणून रंगारी ते वापरतात. झालेलं कापड मिठात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही. तुरटीचंही तसंच. तिची जागा रंगवण्याआधी आहे, नंतर नाही.

मग आज काय करायचं?

क्विल्ट करणाऱ्यांत, म्हणजे नव्या कापडाचे तुकडे जोडून गोधड्या करणाऱ्यांत, यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळं आधी धुवा. दुसरा म्हणतो, कोऱ्या कापडाला खळीचा ताठपणा असतो, ते कापायला आणि जोडायला नेमकं येतं, आणि शेवटी धुतल्यावर ज्या बारीक सुरकुत्या पडतात त्याच तर सुंदर दिसतात. दोघांचंही चूक नाही. अडचण येते ती मिसळ झाली की. एक तुकडा धुतलेला, शेजारचा कोरा. एक चार टक्के आटणारा, दुसरा एकच. मग शिवणीवर ताण येतो. म्हणून धुतलेलं आणि न धुतलेलं कापड कपाटात वेगळं ठेवावं. धुतलेल्याचा कोपरा तिरका छाटून टाकावा. धुताना दोरे कमी सुटतात आणि खूणही राहते. लाल, निळं, काळं पहिल्या वेळी एकेकटं धुवावं, सोबत एक पांढरी चिंधी टाकून. चिंधी पांढरीच राहिली की झालं. पाऊण-एक इंची कापलेल्या पट्ट्या मात्र धुवू नयेत, दोरे सुटून वाट लागते.

आणि कापड वर्षभर ठेवायचं असेल तर खळ काढूनच ठेवावं. कसर आणि बुरशी दोन्हींना खळ आवडते. जहाजाच्या तळघरात जे झालं तेच आपल्या ट्रंकेत, पावसाळ्यात होतं. पूर्ण वाळवून, सुती कापडात बांधून ठेवावं, आणि अधूनमधून घडी मोडून नवी घालावी. नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड आधी विरतं.

आपल्याकडच्या जुन्या गोधडीने हा सगळा प्रश्न मुळातच उद्भवू दिला नव्हता. गोधडी नव्या कापडाची करतच नसत. नऊवारी विरली, धोतर फाटलं, की त्याची गोधडी. शेकडो धुण्यांतून गेलेलं कापड. आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, खळीचं नाव नाही. बाळाला नवं सोडून जुन्या धोतराचं लंगोट बांधत त्यामागेही हेच शहाणपण. काटकसर तर होतीच, पण इतकं तपासून घेतलेलं कापड दुकानात कुठल्याच भावाला मिळत नाही.

फॉल भिजवायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत जे काम होतं ते कधीकाळी रंगाऱ्याने, कधी गिरणीने केलेलं असायचं, आणि जेव्हा त्यांनी केलं नाही तेव्हा घरातल्या बाईने गुपचूप केलं. मोबदल्याशिवाय आणि कुणी नाव न घेता. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "भिजवलाय ना?" असं विचारलं तर वैतागू नका. विचारणाऱ्या बाई दोनशे वर्षांच्या अनुभवावर बोलत असतात.